टाऊनहॉलच्या पंख्याची दोरी

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या मासिकात लोक आपले अनुभव लिहितात, ते मी वाचनालयात बसून वाचतो. कुणाला विहिरीवर पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते, कुणाच्या बैलबंडीमागून कोणी चालत येतं... मी वाचून हसत होतो. खोटं कशाला सांगू. असल्या गोष्टी मानणारा मी माणूस नाही. लढाईच्या दिवसांत दोन वर्षं मी एका मोठ्या इमारतीत धान्याच्या पोत्यांवर एकटा झोपलो आहे. उंदराशिवाय तिथे मला कोणी भेटलं नाही. त्याच इमारतीत पुढे जे झालं ते लिहितो. भर दुपारी झालं. मी जागा होतो आणि दारू मी पीत नाही.

माझं शिक्षण दुसऱ्या बुकापर्यंत. बाकीचं लिहिणं म्हातारपणी मोठ्या माणसांच्या वर्गात शिकलो. हा कागद मी लिहिला आहे. वाचनालयाच्या मास्तरांनी माझ्या ‘मले’चं ‘मला’ केलं. माणसं बोलतात तिथे मात्र हात लावू दिला नाही. ती जशी बोलली तशीच राहू द्या.

गाव वर्धा जिल्ह्यातलं, जामच्या चौकातून मोटरीनं जवळच. नाव टाकत नाही. इमारत अजून उभी आहे, तिथे लोक काम करतात, त्यांना कशाला भेव घालू.

इमारत म्हणजे आमचा टाऊनहॉल. गावात सगळे ‘हाल’च म्हणतात. इंग्रजाच्या वेळचा, काळ्या दगडाचा, वर कवेलूचं छप्पर. तोंड पूर्वेला बाजाराकडे. आत एकच लांब दालन, मागे पश्चिमेला व्हरांडा. उन्हाळ्यात दोन वाजले की मागच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसाच्या पायांवर ऊन येतं, अडीचला गुडघ्यापर्यंत, तीनला मांडीवर. मला कधी घड्याळ लागलं नाही.

मी पोरसवदा असताना गावच्या म्युनिसिपल कमेटीनं मला तिथे पंखा ओढायला ठेवलं. पंखा म्हणजे आताचा विजेचा नव्हे. पंधरा हात लांब लाकडी दांडा, त्याला खाली जाड कापडाची झालर, छताच्या तीन आकड्यांना टांगलेला. त्याची दोरी मागच्या भिंतीत उंचावर एक भोक होतं त्यातून बाहेर यायची. भोकात लोखंडी गिर्री म्हणजे कप्पी, दोरी तिच्यावरून खाली माझ्या हातात. मी व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून ओढायचो. ओढली की पंखा माझ्याकडे यायचा, सैल सोडली की आपल्या वजनानं परत जायचा आणि दोरी खेचून न्यायचा. आत तेव्हा बेंचची कचेरी बसायची. गावचे तीन मोठे लोक मॅजिस्ट्रेट होऊन मारामारीचे, गुराढोरांचे खटले ऐकायचे. दारांना वाळ्याच्या ताट्या लावायचे, त्यावर भिस्ती पाणी मारायचा.

आत काय चाललं आहे ते मला कधीच दिसलं नाही. पण दोरीवरून समजायचं. हाल रिकामा असला की पंखा हलका जायचा. आरोपी, साक्षीदार, वकील भरले आणि दारं लावली की दोरी हाताला वजन द्यायची. हे सांगितलं की लोक हसतात. वीस वर्षं ओढून पाहा, मग हसा.

आतून मला हाक मारायची सोय नव्हती, म्हणून दोरीचेच इशारे होते. रीडरबाबू म्हणजे साहेबांचा कारकून, तो दोरीखाली बसायचा. त्यानं दोन छोटे झटके दिले की समजायचं, डुलकी लागली का रे, जोरात ओढ. आणि एक लांब, सावकाश ओढ आली की साहेब उठले, आजचं काम संपलं. लांब ओढ आली की मी उलट एक लांब ओढ द्यायची, म्हणजे ‘ऐकलं’. मग दोरी खुंटीला बांधायची. एकदा मी उलट ओढ न देताच बांधून टाकली तर रीडरबाबू स्वतः व्हरांड्यात आला.

“महादेवा, तू ऐकलं का झोपला का मेला, मले आत कसं समजन बे?”

त्यानंतर वीस वर्षांत मी कधी विसरलो नाही.

माझी बायको तुळसा, माहेर अल्लीपूर. दुपारी भाकर घेऊन यायची तेव्हा हे सगळं पाहायची. मग तिनं ते घरी आणलं. मी ओसरीवर कोणाशी गप्पा मारत बसलो आणि जेवण थंड होत असलं की मागून येऊन माझ्या धोतराचा सोगा एकदा लांब ओढायची.

“साहेब उठले,” म्हणायची.

मी सोगा उलट ओढून घ्यायचो. ऐकलं. बसलेली माणसं हसायची. आम्हाला दोन पोरं झाली, राहिली नाहीत. घरात आम्ही दोघंच, म्हणून असले खेळ म्हातारपणापर्यंत चालले.

बेंच बंद झाली. लढाई आली तेव्हा हालात कंट्रोलचं धान्य भरलं. मी चौकीदार झालो. स्वराज्य आलं, धान्य गेलं, वाचनालय आलं. एका बाजूला बायांचा सूतकताईचा वर्ग, दिवेलागणीला आमच्यासारख्या अंगठेबहाद्दरांचा वर्ग. तुळसा चरखा फिरवायला यायची आणि बाकीच्या बायांना सांगायची, “हा हाल माह्या नवऱ्यानं थंडा ठेवला, मॅजिस्ट्रेट फुकट मिरवत होते.” मग वीज आली, छताला विजेचे दोन पंखे लागले. जुना पंखा मीच उतरवला. दांड्याचा सुतारानं वाचनालयासाठी बाक केला. झालर मी स्वतःच्या हातानं फाडली, तिचे टेबल पुसायचे फडके केले. दोरी कमेटीच्या विहिरीवर गेली. राहिले छतातले तीन आकडे, भिंतीतलं भोक आणि गिर्री. चिमण्या तिथे घरटं करायच्या. मी चपराशी झालो तरी दुपारी बसायला माझ्या जुन्या जागेवरच जायचो. पाठीला भिंतीचा खड्डा माहीत होता.

एवढं सांगितलं कारण पुढचं त्याशिवाय समजायचं नाही.

स्वराज्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. आम्ही तेव्हा मध्यप्रदेशात होतो, कमेटीचे कागद नागपूरला जायचे. आता मुंबईला जातात. त्या उन्हाळ्यात मुदतीच्या तापाची साथ आली. दवाखान्यात जागा पुरेना. मग हालातली पुस्तकं आणि चरखे काढून शाळेत नेले आणि हालात बायांसाठी सोळा खाटा टाकल्या. खाटा मीच उचलल्या. तापाच्या सातव्या दिवशी त्यातल्या एका खाटेवर तुळसेला आणून टाकलं.

नागपूरहून एक सिस्टर आली होती. काळी, उंच, बोलायला कडक.

“बाबाजी, पुरुषांनी सकाळी आठला यायचं आणि संध्याकाळी पाचला. मधात नाही.”

“बाई, मी या हालाचा चपराशी हावो. चाळीस वर्षं झाले.”

“मग चपराशी बाहेर बसतो ना? बाहेर बसा. आत बाया झोपल्या असतात.”

मला राग आला. पण ती रात्रंदिवस उभी असायची, म्हणून बाहेर जाऊन बसलो.

तुळसेची खाट मागच्या भिंतीजवळ होती, बरोबर गिर्रीच्या भोकाखाली. संध्याकाळी भेटायला गेलो तर म्हणाली, “अवो, दुपारी मले करमत नाई. लाईन जाते, पंखे बंद होते, साऱ्या बाया कण्हतात. तुमी कुठी बसता?”

“या भिंतीच्या मांगं. माह्या जाग्यावर.”

“मंग दोरी टाका ना. पंखा नाई तं नाई, दोरी तं राहीन.”

मी म्हटलं, तापात बडबडते. पण तिनं डोक्याखालचं गाठोडं काढलं. त्यात तिनं कातलेल्या सुताच्या लडी होत्या. त्याच वळून मी दोरी केली, बारीक पण मजबूत. शिडी लावून भोकातलं चिमणीचं घरटं बाजूला सारलं, दोरी गिर्रीवरून आत सोडली. आतलं टोक तिच्या खाटेच्या गजाला, बाहेरचं माझ्या खुंटीला. सिस्टर पाहत होती. मला वाटलं रागावते. ती म्हणाली, “बांधा. पण घंटी नका बांधू.”

तुळसेला मी सांगितलं, “दोन झटके म्हणजे जागी हाव. मी दोन देईन. लांब वढू नको.”

“काऊन? साहेब उठले म्हणून घरी चालले जासान?”

“जाईन.”

“मंग वढतोच. घरी जाऊन भाकर तरी खासान. हाडं दिसून राह्यले तुमचे.”

“वढू नको म्हणलं ना.”

“बरं बाप्पा, नाई वढत.”

दहा-बारा दिवस असेच गेले. दुपारी बाराला वीज जायची, चारला यायची. ते चार तास मी भिंतीला टेकून बसायचो. मधेच दोन झटके यायचे. अशक्त, चिमणीनं टोचल्यासारखे. मी दोन द्यायचो. कधी अर्धा तास काही नाही आलं की मी गिर्रीकडे पाहत बसायचो. मग मीच दोन द्यायचो आणि थांबून राहायचो... आले की श्वास घ्यायचो.

डॉक्टर म्हणाले होते, एकवीस दिवसांची मुदत आहे. एकविसावा दिवस पार झाला की बाई तुमची.

विसाव्या दिवशी सकाळी भेटून मी शाळेत गेलो, कमेटीनं टेबलं उचलायला पाठवलं होतं. परत आलो तेव्हा बारा होऊन गेले होते, हालाची दारं बंद. मी व्हरांड्यात बसलो आणि दोरी हातात घेतली. लगेच दोन झटके आले. मी दोन दिले.

मग दोरी मागे जायला लागली. सावकाश, तळहातातून घासत, बरोबर तेवढी जेवढी पंख्याची दोरी जायची. मी ओढली. आली. सोडली. गेली. ओढली, आली. माझा हात चाळीस वर्षांपूर्वीसारखा चालू झाला. हाताला काम लागलं की डोकं मागे राहतं. दहा-बारा वेळा झाल्यावर डोकं आलं. मला समजलं की दोरीला वजन आहे.

सुताच्या त्या दोरीला भरलेल्या हालाचं वजन होतं. माणसांनी खच्चून भरलेल्या, दारं लावलेल्या हालाचं.

मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, “तुळसे, पुरे कर. हात दुखन तुहा.”

दोन झटके आले. चिमणीसारखे नव्हते. खांदा हलला माझा. जोरात ओढ.

मी ओढत राहिलो. का, ते विचारू नका. थांबायची हिंमत झाली नाही. ऊन पायांवर आलं तेव्हा सिस्टर कोपऱ्यावरून भांडं घेऊन आली, पाणी फेकायला. मला पाहून थांबली.

“बाबाजी, काय करून राहिले?”

“बायकोशी बोलतो.”

“कोणत्या?”

“एकच हाय मले. भिंतीपासची, तुळसाबाई.”

“तिला सकाळी तुम्ही गेल्यावर मी माझ्या टेबलाजवळ घेतलं. समोरच्या भिंतीला. ही खाट रिकामी आहे.”

ती बोलत असताना दोरी माझ्या मुठीतून वर गेली. दोघांनी पाहिलं. मी ओढली नव्हती, सोडली नव्हती. ती आपली वर गेली, थांबली आणि खाली आली. सिस्टरच्या हातातलं भांडं वाकडं झालं, पाणी तिच्याच पायावर सांडलं. ती तशीच वळून धावली. दोरी तिथेच टाकून मी तिच्या मागोमाग समोरच्या दारापर्यंत धावलो, आणि पहिल्यांदा तिनं मला त्या वेळी दारातून आत पाहू दिलं.

खाट रिकामी होती. गादी गुंडाळलेली. दोरीचं टोक गजाला नव्हतं. गजाची गाठ सुटली होती आणि दोरी भोकातून वर, छताकडे गेली होती. ताणलेली. मधल्या आकड्याच्या रोखानं. आम्ही पाहत असतानाच ती सैल पडली आणि टोक खाटेवर येऊन आपटलं.

“हवेनं,” सिस्टर म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. सगळी दारं-खिडक्या लावलेली. वीज नव्हती. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ते हलत नव्हते.

संध्याकाळी पाचला आत गेलो. मला वाटत होतं तुळसा भेलेली असेल. ती उशीला टेकून बसली होती. दहा दिवसांत पहिल्यांदा बसली होती.

“आज बरं केलं तुमी,” म्हणाली.

“काय केलं?”

“पंखा वढला ना दुपारभर. किती गार वाटलं. वाळ्याचा वास येत होता, जुन्या कचेरीवानी.”

शेजारच्या खाटेवर कासाबाई म्हणून एक म्हातारी होती. तीही म्हणाली, “हो गा बाप्पा. मोठा पंखा, वरून येत होता. माही तं झोप लागली.” कासाबाई खेड्यातली, ती आयुष्यात कधी हालात आली नव्हती. मोठा पंखा तिनं कधी पाहिला नव्हता.

सिस्टरनं कागद दाखवला. सकाळचा ताप एकशे तीन होता, आता शंभर. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “बाबाजी, हे बोलू नका कोणाजवळ. बाया घाबरतील.” घाबरली ती होती. मीही.

निघताना तुळसेनं माझं मनगट धरलं. “उद्याचाच दिवस हाय. उद्या बी वढजा.”

“वढीन.”

“नक्की?”

“वढीन म्हणलं ना.”

साहेब, त्या दोरीला पुन्हा हात लावू नये असं मला मनापासून वाटत होतं. पण ताप उतरला होता. दुसरं मला काही दिसत नव्हतं. बारा वाजता जाऊन बसलो. खुंटीची दोरी सोडून हातात घेतली. झटके आले नाहीत. बराच वेळ मी वाट पाहिली. मग मीच दोन दिले.

आतून दोन आले.

आणि सुरू झालं. वजन कालच्यापेक्षा जास्त. मी डोळे मिटून ओढत होतो. तोंडानं मारुतीचं नाव घेत होतो, जो मी तोवर शनिवारीसुद्धा घेत नव्हतो. थोड्या वेळानं वरून आवाज यायला लागला. क्र्र... क्र्र... तिसऱ्या आकड्याचा आवाज. तो आकडा दांड्याला घासायचा, दर महिन्याला मी त्याला तेल द्यायचो. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. पण दांडा कुठे होता? दांड्याचा बाक झाला होता, बाक सिस्टरच्या टेबलाजवळ औषधाच्या बाटल्या ठेवायला होता. पंख्याचा एकही तुकडा त्या छताखाली टांगलेला नव्हता. तरी आवाज येत होता आणि मी ओढत होतो. घाम डोळ्यांत जात होता. पाठीमागच्या भिंतीत पुष्कळ माणसं उभी असल्यासारखं वाटत होतं, अगदी दाटीनं, कोणी न बोलता. वळून पाहावंसं वाटत नव्हतं. भिंतच होती, पण वळलो नाही.

ऊन गुडघ्यापर्यंत आलं. तेव्हा लांब ओढ आली.

एक. सावकाश. जशी यायची तशी.

आणि माझ्या हातानं दोरी खुंटीला बांधली.

एवढंच लिहायचं होतं मला. बाकी सगळं त्याच्यासाठी लिहिलं. मी विचार केला नाही. हातानं बांधून टाकली. वीस वर्षांची सवय. साहेब उठले, काम संपलं. गाठ मारून झाली, मी कपाळाचा घाम पुसला, तेव्हा डोकं आलं... की आज कचेरी नाही. आत तुळसा आहे. मी तिला ओढीन म्हणून सांगितलं आहे. आणि मी ऐकलं म्हणून उलट ओढसुद्धा दिली नाही.

मी झडप घालून दोरी ओढली. वजन नव्हतं. सगळी दोरी सळसळत गिर्रीवरून माझ्या डोक्यावर पडली, वरच्या धुळीसकट.

ती हातात घेऊन उभा होतो, तर सिस्टर कोपऱ्यावरून आली. चालत आली, धावली नाही.

“बाबाजी, आत या,” म्हणाली.

दुपारी अडीचला तिनं मला आत बोलावलं. तेव्हाच समजलं.

तुळसा भिंतीकडे तोंड करून होती. सिस्टरनं चादर नीट केली होती. सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. कोणी रडत नव्हतं. कासाबाई कोपरावर उठली आणि म्हणाली,

“पंखा काऊन थांबवला गा?”

मी तुळसेच्या उशाशी जाऊन बसलो.

“तिनं बी हेच म्हणलं. चांगली निजली होती. डोळे उघडले आन म्हणे, पंखा थांबला. मंग काही बोलली नाई.”

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. या तापात आतडं फुटतं, पोटात रक्त जातं, ताप एकदम उतरतो आणि घरच्यांना वाटतं बरं वाटून राहिलं. आदल्या दिवशी उतरलेला ताप तोच असेल. डॉक्टर चांगला माणूस, खोटं बोलणारा नाही. मी मानतो. पंखा ओढल्यानं कोणाचं आतडं सांधत नाही, हे मलाही समजतं.

पण अजून एक सांगायचं आहे. तेराव्यानंतर मी दोरी पाहत बसलो होतो. मला ती तोकडी वाटली. हातानं मोजली. मी वळली तेव्हा होती त्याच्या निम्मी, खुंटीपासून जेमतेम गिर्रीपर्यंत पुरेल एवढी. टोक तुटलेलं नव्हतं, कापलेलं होतं, सरळ. मी हालात गेलो. वॉर्ड उठत होता, सिस्टर सामान बांधत होती. मी दोरी तिच्यासमोर धरली. तिनं टेबलाचा खण उघडला आणि उरलेली निम्मी काढून दिली.

“विसाव्या दिवशी रात्री मीच कापली. टेबलावर चढून, भोकाजवळून. माफ करा. मला सहन झालं नाही.”

“मंग एकविसाव्या दिवशी आत काय होतं?”

“काही नव्हतं, बाबाजी. भोकात कापलेलं टोक होतं.”

ती नागपूरला गेली. तिचं पत्र नाही, माझं नाही.

लोकांनी मला काय काय सांगितलं. मास्तर म्हणतात, मला उन्हाचा झटका आला होता. मग कासाबाईला कशाचा आला होता? कोणी म्हणतं, हालात पूर्वी फाशी दिली असेल. काही दिली नाही, तिथे बकऱ्यांचे खटले चालायचे. कोणी म्हणतं तुळसाच ओढत होती. मग शेवटची लांब ओढ कोणाची? तिनं नाही ओढत म्हणून सांगितलं होतं. का तिनंच ओढली, मी घरी जाऊन भाकर खावी म्हणून? का तिला न्यायला आलेल्यांनी मला सांगितलं की काम संपलं? मी थांबलो म्हणून ती गेली, का ती गेली म्हणून मला थांबवलं... दोन उन्हाळे झाले, मी हेच उलटंपालटं करतो. एखादं उत्तर रात्री खरं वाटतं, सकाळी वाटत नाही.

त्याच वर्षी माझी नोकरी संपली. हालाला चुना दिला, खाटा गेल्या, वाचनालय परत आलं. आता म्हणतात तिथे कमेटीचं ऑफिस बसवायचं, मधे भिंत घालून दोन खोल्या करायच्या. मागच्या महिन्यात गवंडी भोक बुजवायला आला. मी वाचत बसलो होतो. उठून गेलो आणि म्हटलं, “ते राहू दे.”

“काऊन बाबाजी? चिमण्या घाण करतात.”

“करू दे. माहं काम बाकी हाय तिथं.”

तो हसला आणि दुसऱ्या भिंतीला लागला. पण ऑफिस झालं की बुजवतीलच. पावसाळ्याच्या आधी म्हणतात.

दोरीचे दोन्ही तुकडे मी गाठ मारून जोडले आहेत. ती माझ्या उशाशी असते. शिडी लावून गिर्रीवरून आत सोडायची, माझ्या जागेवर बसायचं आणि एक लांब ओढ द्यायची, एवढंच काम आहे. तुळसे, ऐकलं. ते मी तिला सांगितलं नाही. रीडरबाबू म्हणायचा ते खरं होतं, आतल्या माणसाला कसं समजणार.

चार वेळा दोरी घेऊन व्हरांड्यापर्यंत गेलो. ऊन पायांवर येईपर्यंत बसलो आणि परत आलो. ओढली आणि तिकडून वजन आलं तर काय, याचं भेव वाटतं. आणि ओढली आणि नुसतीच सैल येऊन माझ्या डोक्यावर पडली, तर... त्याचं जास्त वाटतं.

तुमच्या वाचकांपैकी कोणाला काही समजलं तर मासिकात लिहावं. मी वाचीन. पावसाळ्यापर्यंत दुपारी तिथेच असतो.